नांगराची निशाणी

लग्नसराईत श्रीरामपूरच्या एखाद्या छापखान्यात अर्धा तास बसावं. पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेला वरपिता तिथी, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता यांवरून भराभर नजर फिरवतो. त्याचं बोट थांबतं ते निमंत्रकांच्या यादीवर. ‘अहो, इथं पाटील राहिलं की!’ आधी नाव, मग ‘पाटील’, मग आडनाव, असा आमच्या उत्तर नगरचा घाट. काही घराण्यांत ते आडनावाच्या मागे येतं, विखे पाटलांसारखं. गाळलेला शब्द घातल्याशिवाय छपाई पुढे सरकत नाही. राहून गेला तर तो मामा लग्नाला येईल, पण जेवायला बसणार नाही.

मजा अशी, की मुलकी पाटलाचं पद 1 जानेवारी 1963 पासून कायद्याने संपलेलं आहे. यादीतल्या बहुतेकांनी सारा वसूल केलेला नाही, काहींचा तर जन्मही त्यानंतरचा. जर्मनीत 1919 च्या वायमार राज्यघटनेने सरदार-उमरावांचे दर्जे मोडीत काढले, मात्र नावातला ‘फॉन’ आडनावाचा भाग म्हणून राहू दिला. शेजारच्या ऑस्ट्रियाने त्याच वर्षी ‘फॉन’ही पुसून टाकला. आपण कुठलाही ठराव न करता जर्मनीच्या वाटेने गेलो.

श्रीरामपूरला हे जास्त जाणवतं, कारण हे गावच मुळी पाटीलकीतून उगवलेलं नाही. दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रवरेकाठच्या जुन्या बेलापूरसाठी काही अंतरावर स्टेशन झालं. त्या स्टेशनभोवती जमलेली, बेलापूर रोड नावाची बाजारपेठ म्हणजे आजचं श्रीरामपूर. शहराने नाव बदललं, पण स्टेशनच्या पाटीवर अजून बेलापूरच आहे. ही पेठ मालधक्क्यावर, आडतीवर वाढली. इथे मोठेपणा पैशावर ठरला. आजूबाजूच्या खेड्यांतून बाजाराला येणारा माणूस मात्र आपली वतनाची उतरंड सोबत घेऊन आला.

पाटीलकी हे वतन. वतन म्हणजे काम, त्या कामापोटी मिळालेली जमीन, हक्काची आवक आणि मानपान, असं सगळं एका गाठोड्यात बांधून पिढ्यानपिढ्या चालणारं. ते विकता येई, गहाण टाकता येई, भावांत वाटता येई. ‘निमे पाटीलकी’ विकत घेतल्याचे कागद मराठेशाहीच्या दप्तरांत सापडतात. हा प्रकार आपल्याकडेच होता असंही नाही. फ्रान्समध्ये 1604 पासून सरकारी पद धारण करणाऱ्याने त्या पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल राजाला भरला, की पद वारसाकडे जाई. वकील-न्यायाधीशांचा एक नवा उमराववर्ग तिथे असाच तयार झाला. आपल्या कुणब्याला ही युक्ती कुणी शिकवावी लागली नाही.

वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटील सही करत नसे. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, आणि लिहायला कुलकर्णी होताच. पाटलाच्या नावापुढे नांगर काढला जाई. युरोपातल्या घराण्यांच्या ढालींवर सिंह, गरुड, कट्यारी. इथे गावच्या पहिल्या माणसाची मुद्रा म्हणजे शेतात चालणारं औत. सगळ्या पाटीलकीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

बाकी मानपानाची यादी वाचली की हसू येतं, आणि थोड्या वेळाने येईनासं होतं. होळीला पहिली पोळी पाटलाची. पोळ्याला वेशीतून पहिला बैल पाटलाचा. लग्नात टिळा, विडा आधी पाटलाला. तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पानं, चांभाराकडून सालाचा जोडा. घर फुटून दोन तक्षिमा झाल्या की प्रश्न पडे, की पहिला बैल कुणाचा? वडील शाखेचा की धाकट्या? यावरून डोकी फुटत आणि तंटे पिढ्यानपिढ्या चालत. इंग्लंडमध्ये किताब थोरल्याकडे जाई आणि धाकटे चर्चमध्ये किंवा फौजेत पोट भरायला निघत. पोलंडमध्ये उलट, उमरावाचं प्रत्येक पोर उमराव, मग घरात खायला असो वा नसो. आपली तऱ्हा पोलंडसारखी. भाऊबंदकी वाढली, जमिनीचे तुकडे झाले, पण ‘पाटील’ सगळेच राहिले.

या मानाला किती वजन होतं ते महादजी शिंद्यांना विचारावं. 1784 मध्ये दिल्लीच्या बादशहाने त्यांना वकील-इ-मुतलक केलं, म्हणजे साम्राज्याचा कारभारच हाती दिला. तरी हा माणूस स्वतःला पाटील म्हणवण्यात धन्यता मानी. आपल्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात जामगावला त्यांचा वाडा आहे. त्या पाटीलपणात नम्रता होती तसा कावाही होता, हे उघडच आहे. पण कावा साधायला निवडलेला शब्द सगळ्यांना कळावा लागतो.

पदाला जोखीमही होती. सारा थकला की मामलेदार आधी पाटलाला धरी. फौजेला दाणावैरण पुरवायची ती पाटलाने, दरोडा पडला की माग काढायचा तोही त्यानेच. इंग्रजांनी 1818 नंतर हे ओझं हळूहळू उतरवलं आणि त्यासोबत जोरही. रयतवारीत प्रत्येक खातेदाराचा हिशेब सरकारशी थेट जुळला. 1874 च्या वतन कायद्याने पाटील कोणी व्हायचं याचे नियम घातले, आणि राजाच्या तोलाचा माणूस कचेरीतला पाळीचा नोकर झाला.

इथवर वतनाच्या वरच्या पायरीची गोष्ट झाली. पण महाराचंही वतनच होतं. जमीन तुटपुंजी आणि काम दिवसरात्रीचं. सांगावा पोहोचवणं, साहेबाचं ओझं वाहणं, हद्द दाखवणं, मेलेलं जनावर ओढणं. त्या कामाला ना वेळ, ना नेमका पगार. पाटलाच्या वतनाने माणूस ताठ चाले, या वतनाने वाके. दोन्हींना शब्द एकच वापरला जाई, ही आपल्या भाषेची लबाडी. युरोपात सरंजामदाराच्या शेतावर फुकट राबणाऱ्या भूदासाला निदान कुणी ‘हक्कदार’ म्हटलं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्त करण्याचं विधेयक मांडलं. आणि 16 डिसेंबर 1939 ला महार, मांग, वेठियांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली ती आपल्या हरेगावात. सरकारने वतनी जमिनींवर वाढवलेल्या आकारणीचा निषेध हा तिचा विषय. हरेगाव तेव्हा साखर कारखान्याचं गाव होतं. श्रीरामपूरकर आज हरेगावचं नाव मतमाउलीच्या यात्रेसाठी घेतात, या परिषदेसाठी क्वचितच. कनिष्ठ वतनं 1958 च्या कायद्याने गेली. कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्यानेच गेलं होतं. पाटीलकी सर्वांत शेवटी गेली, यातही एक क्रम दिसतो.

पाटीलकी संपली त्याच 1963 साली राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी कमाल धारणा कायद्यात अडकून महामंडळाकडे गेल्या, आणि त्या परत मिळवायला हरेगावकडच्या खंडकऱ्यांना पुढे अर्धं शतक लढावं लागलं. दुसरीकडे लोणीला 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा करून दाखवला होता. गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ, विखे पाटील शेतकरी. अशी जोडी पुन्हा जमली नाही. तो कारखाना सभासदांचा होता. पण जिथे जिथे चेअरमनची खुर्ची बापाकडून मुलाकडे जायला लागली, तिथे वर्तमानपत्रांना ‘साखरसम्राट’ हा शब्द सुचला. लोकांनी मतं देऊन निवडलेल्या माणसाला सम्राट म्हणताना कुणाला अडखळल्यासारखं झालं नाही, आणि त्या सम्राटांनीही फारसं मनावर घेतलं नाही.

पाटलांपैकी एक मात्र अजून सरकारदप्तरी आहे, तो पोलीस पाटील. 1967 च्या कायद्यापासून हे पद वंशपरंपरेचं नाही. त्याच गावचा रहिवासी, दहावी पास, वय 25 ते 45, लेखी परीक्षा, मग तोंडी. बायकांसाठी राखीव जागा असल्याने कितीतरी गावांत बाई पोलीस पाटील आहेत. त्यांना हाक काय मारायची यावर पारावर अजून एकमत नाही. पाटलीण म्हटलं की अर्थ होतो पाटलाची बायको. म्हातारी माणसं ‘पाटलीणबाई’ म्हणून जीभ चावतात, पोरं ‘मॅडम’ म्हणतात, आणि नवऱ्याला कुणीतरी चहा पाजताना हमखास विचारतं, ‘काय पाटील, आज मॅडम ठाण्यात का?’