तेरा दात्यांचं गणित

कल्याण स्थानकात गाडीची वाट बघत थांबायची वेळ आली, तर रुळांवरून जाणाऱ्या इंजिनांच्या अंगावरची अक्षरं वाचा. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसपुढे बऱ्याचदा डब्ल्यूएपी-७ दिसेल, मालगाडीपुढे डब्ल्यूएजी-९. पहिलं ताशी १४० किलोमीटरपर्यंत पळतं, दुसऱ्याची मजल १०० पर्यंत. पण उभी गाडी जागची हलवायची असेल, तर मालगाडीवालं सुमारे ४६० किलोन्यूटन जोर लावतं आणि एक्स्प्रेसवालं ३२३. केवढा हा फरक! आता गंमत बघा. ही दोन्ही इंजिनं जवळजवळ सख्खी भावंडं आहेत. मालगाडीचं आधी आलं, त्यावरूनच दुसरं घडवलं. ताकद दोघांची तीच, सहा हजार अश्वशक्तीच्या वर. मग मुख्य बदल कुठला? मालगाडीच्या इंजिनात मोटारीवरच्या चाकाला १५ दाते आणि ॲक्सलवरच्या चाकाला ७७. एक्स्प्रेसच्या इंजिनात २० आणि ७२.

मोटारीला पाच दाते वाढवले, ॲक्सलचे पाच काढले, आणि ओझं ओढणारं इंजिन राजधानीला जोडण्याजोगं झालं. हिशोब तपासून बघा. ७७ भागिले १५ म्हणजे ५.१३, आणि ७२ भागिले २० म्हणजे ३.६. ४६० ला त्याच प्रमाणात खाली आणा, उत्तर ३२३ च येतं. दात्यांची बेरीजही करून बघा. १५ आणि ७७ मिळून ९२. २० आणि ७२ मिळूनही ९२! हा योगायोग नाही. ही दोन चाकं थेट एकमेकांत अडकलेली असतात आणि त्यांच्या मधलं अंतर बांधलेलं असतं. एकाला दाता वाढवला की दुसऱ्याचा काढावाच लागतो.

मोटारसायकलला हे बंधन नाही, कारण तिच्यात मध्ये चेन आहे. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, बदला, मागचं तसंच ठेवा, ॲक्सल जरा सरकवून चेन ताणून घ्या, काम झालं. रेल्वेला ज्यासाठी नवं मॉडेल काढावं लागतं, ते डोंबिवलीतला कुठलाही गॅरेजवाला पाऊण तासात करून देतो. मला हे आजही थक्क करणारं वाटतं.

गाडी घेऊ हीरोची एक्सपल्स २००. २०१९ साली आलेली, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक, डांबरावर आणि डांबर संपल्यावरही चालणारी. ठाणे-कल्याण पट्ट्यात ती आता चांगलीच दिसते. हिशोबासाठी पुढे १३ दाते आणि मागे ४० धरू. तुमच्या गाडीचे मात्र बोट लावून मोजा, कारण मॉडेलनुसार दाते बदलतात. ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. पुढचं स्प्रॉकेट तीन फेऱ्यांपेक्षा किंचित जास्त फिरतं, तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्या तरी रक्कम तीच राहते, तसाच हा व्यवहार आहे. फेऱ्या द्यायच्या आणि जोर घ्यायचा. इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही.

आता पुढचा एक, फक्त एक दाता कमी करा. ४० भागिले १२, म्हणजे ३.३३. चाकावरचा जोर सव्वाआठ टक्क्यांच्या वर वाढला. हाच परिणाम मागचं स्प्रॉकेट बदलून हवा असेल तर किती दाते वाढवावे लागतील? तीनहून थोडे अधिक. पुढचा एक दाता मागच्या तिघांना भारी पडतो. का? कारण गुणोत्तरच तीनाचं आहे. ज्या गाडीचं गुणोत्तर अडीच असेल, तिथे पुढचा एक मागच्या सुमारे अडीच दात्यांइतका भरेल. गाडी कुठलीही घ्या, हा नियम चुकत नाही.

या वाढीव जोराची किंमत हायवेवर मोजावी लागते. ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत होतं, त्याच वेगाला आता ६५०० घेईल. आणि एक बारीक गोष्ट. तुमचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून वेग घेत असेल तर त्याला या बदलाचा पत्ताही लागणार नाही. गिअरबॉक्सकडून घेत असेल तर मात्र गाडी ६० ने चालली असताना तो ६५ दाखवेल.

मग आणखी दाते काढत का जाऊ नयेत? अकरा, दहा, नऊ? इथे या यंत्राचं सगळ्यात सुंदर गुपित आहे. चेन वाकते ती फक्त पिनांपाशी. कडी स्वतः सरळच राहते. म्हणून चेनच्या लेखी पुढचं स्प्रॉकेट गोल नसतंच, ते तेरा बाजूंचं असतं. कोपरा वर आला की चेन किंचित वेगाने ओढली जाते, सपाट बाजू आली की किंचित हळू. इंजिन कितीही एकसारखं फिरो, चेन झटक्या-झटक्यानेच पुढे जाते. तेरा दात्यांना हा चढउतार २.९ टक्के असतो, बाराला ३.४, सतराला १.७. दाते जितके कमी, तितके झटके मोठे आणि चेनची झीज जास्त. चार सुताची चेन असेल (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तर तेरा दात्यांच्या त्या चाकाचा व्यास जेमतेम ५३ मिलिमीटर भरतो. गाडीचा सगळा जोर एवढ्याशा चकतीतून जातो!

आणि हे झटके किती वेळा बसत असतील? १२०/८०-१८ मापाचा मागचा टायर एका फेरीत सुमारे २.०४ मीटर जातो. ताशी ६० ला चाक मिनिटाला ४९० फेरे घेतं, प्रत्येक फेरीत ४० कड्या. म्हणजे सेकंदाला ३२७ कड्या दात्यांवर बसतात. सेकंदाला ३२७ कंपनं म्हणजे काय? पेटीवर पांढरी एकला सा धरला, तर मध्य सप्तकातला शुद्ध गंधार! वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात तो सूर झाकला जातो, पण तो असतो. पुढचं स्प्रॉकेट १२ चं केलंत तरी ६० च्या वेगाला तोच लागेल, कारण तो मागच्या दात्यांवर ठरतो.

ही माझी आवडती गोष्ट झाली. पण सम आणि विषम आकड्यांची गोष्टही तितकीच नवलाची आहे. चेनमध्ये एक आतली कडी, एक बाहेरची, पुन्हा आतली असा क्रम असतो. म्हणून कड्यांची संख्या सम असावी लागते. स्प्रॉकेटचे दातेही सम असतील तर काय होतं? ज्या दात्यावर आज आतली कडी बसली, त्याच्यावर कायम आतलीच कडी बसते. पिना झिजल्या की चेनचं लांबणं बाहेरच्या कड्यांमध्ये दिसतं, म्हणून दातेही एकाआड एक वेगळे झिजतात. दाते १३ असले तर प्रत्येक फेरीत पाळी बदलते आणि झीज वाटली जाते. १२ दाते आणि १२० कड्यांची जोडी तर आणखी हट्टी. प्रत्येक दात्याच्या वाट्याला कायम त्याच दहा कड्या! त्यातली एखादी बिघडली तर तिचा भार ठरावीक दात्यालाच सोसावा लागतो. म्हणूनच पुढे १३ किंवा १५ हे आकडे इतके दिसतात.

वर चार सुताची चेन म्हटलं, ते उगाच नाही. चेनच्या बाजूवर ४२८ किंवा ५२० असा आकडा कोरलेला असतो. त्यातला पहिला आकडा सरळ सुतात वाचायचा. ४२८ मध्ये दोन पिनांमधलं अंतर चार सूत, म्हणजे १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांच्या ५२० मध्ये पाच सूत, आणि आतली रुंदी दोन सूत. १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक मापांवर गेला, तरी डोंबिवली एमआयडीसीतला जुना फिटर आजही सुतात बोलतो, आणि चेनही. रोलर बसवलेली ही चेन मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाने १८८० मध्ये आणली. रोलर फिरतो, म्हणून दाता कमी घासतो. एवढी एकच सुधारणा, आणि जगभरच्या मोटारसायकली आजही तिच्यावर चालतात.

आता आपल्या रस्त्यांवर निवड कशी करायची? तुमची गाडी आठवडाभर कुठे असते ते आठवा. काटई नाका ते शिळफाटा या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि रविवारी मलंगगडाच्या पायथ्याकडच्या किंवा मुरबाडच्या पलीकडच्या दगडी वाटेवर. दोन्हीकडे त्रास एकच. पहिला गिअर उंच पडतो, म्हणून अर्धा क्लच दाबून धरावा लागतो आणि क्लचच्या प्लेटी तापतात. क्लच पूर्ण सोडून गाडी ताशी ९ ने रांगत असेल, तर १२ दात्यांवर ती ८.३ ने रांगेल. आकडा किरकोळ दिसतो, पण पावसाळ्यात ओल्या खडकांवर त्याने हात मोकळा राहतो आणि उतारावर इंजिनाचा ब्रेकही जास्त लागतो. अशा वापराला माझं मत स्पष्ट आहे, पुढे एक दाता कमी करा.

दर पंधरवड्याला पडघा-शहापूर-कसारा करत नाशिक गाठणाऱ्यांनी मात्र मूळ स्प्रॉकेटला हात लावू नये. जोर हवा असेल आणि बदल कायमचा ठेवायचा असेल, तर पुढे १३ च राहू द्या आणि मागचे दाते वाढवा. झटके वाढत नाहीत, चेन स्विंगआर्मवरही कमी घासते.

बदलताना मोजमापाकडे लक्ष द्या. पुढचा एक दाता काढला की ॲक्सल साधारण एक सूत मागे घ्यावा लागतो. मागे तीन वाढवले तर तो सुमारे १० मिलिमीटर पुढे जातो. तेवढी जागा नसेल तर दोन कड्या जास्त असलेली चेन लागेल. ताणलेल्या जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नका, ती त्याचे दाते लवकर खाते. तेव्हा पूर्ण चेनसेटच बदला.

सुरुवात पुढच्या स्प्रॉकेटपासूनच करा. ते काही शे रुपयांत येतं. महिनाभर त्यावर ऑफिसला जा, एकदा माळशेज चढून या, आणि मग ठरवा. जुनं स्प्रॉकेट टाकून देऊ नका.