क्लोरॅम्फेनिकॉल : उपकारक, परंतु जपून वापरावयाचे औषध

विषमज्वराला आपल्याकडे पूर्वीपासून ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. ताप आपली मुदत पुरी करील तेव्हाच उतरावयाचा. तोवर रोग्याला पेज द्यावी, कपाळावर गार पाण्याची घडी ठेवावी आणि दिवस मोजावेत, एवढेच घरच्या माणसांच्या हाती असे. तीन-चार आठवड्यांच्या या मुदतीत आतड्यातून रक्तस्राव होऊन किंवा आतड्याला भोक पडून अनेक रोगी दगावत.

ही मुदत मोडली ती क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने. व्हेनेझुएला देशातील काराकासजवळच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले व १९४७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी क्वालालंपूर येथे विषमज्वराच्या रोग्यांना ते देण्यात आले, तेव्हा त्यांचा ताप तीन-चार दिवसांत उतरू लागला. १९४९ साली ते प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने बनविता आले. साहजिकच ते स्वस्त झाले आणि देशोदेशी पोहोचले.

औषधाचे कार्य

प्रत्येक जंतूच्या पेशीत प्रथिने घडविणारे अतिसूक्ष्म कण असतात. क्लोरॅम्फेनिकॉल या कणांना चिकटून बसते व त्यांचे काम थांबविते. प्रथिनांवाचून जंतूंची वाढ खुंटते आणि शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्यांचा समाचार घेते. मानवी पेशींतील असे कण बहुतांशी निराळ्या घडणीचे असल्यामुळे ते या तडाख्यातून वाचतात. परंतु आपल्या पेशींत ऊर्जा निर्माण करणारे जे घटक आहेत, त्यांतील कण मात्र जंतूंच्या कणांशी साम्य राखतात. औषध मोठ्या मात्रेत किंवा फार दिवस दिल्यास त्यांनाही त्याची झळ पोहोचते. ही झळ प्रथम हाडांतील मज्जेला जाणवते, कारण रक्तपेशी तेथेच तयार होतात. सुदैवाने रक्ततपासणीत हा दोष वेळीच कळतो व औषध थांबविल्यास बहुधा भरून निघतो.

दुसरा, अधिक गंभीर धोका

याहून भयंकर असा एक विकार आहे. त्यात मज्जेचे रक्त निर्माण करण्याचे कामच बंद पडते. त्याचा मात्रेशी संबंध नसतो. थोड्या दिवसांच्या उपचारानंतरही तो उद्‌भवतो, आणि कित्येकदा औषध संपून आठवडे किंवा महिने लोटल्यावर प्रकट होतो. औषध घेणाऱ्या सुमारे २५ ते ४० हजार माणसांत एखाद्यालाच तो होतो, परंतु ज्याला होतो त्याच्या प्राणावर बेतते. असे रोगी आढळू लागल्यावर अमेरिकेत १९५२ साली चौकशी झाली. औषधावर बंदी न घालता वेष्टनावर स्पष्ट इशारा छापावा, असे ठरले. दुर्दैवाची गोष्ट ही, की बळी पडलेल्यांपैकी पुष्कळांना ते सर्दी-खोकल्यासारख्या क्षुल्लक तक्रारींसाठी देण्यात आले होते.

येथेच या विषयाचे सारे मर्म आहे. ज्याचा प्राण जंतुदोषाने संकटात आहे व ज्याला दुसरे औषध चालत नाही, त्याने हजारांत एखादा असा धोका पत्करणे शहाणपणाचे ठरते. सर्दी मात्र विषाणूंमुळे होते, आणि विषाणूंवर हे औषध चालतच नाही. तेथे लाभ शून्य, आणि धोका मात्र तेवढाच.

नवजात बालकांचे यकृत व मूत्रपिंडे अपक्व असतात, त्यामुळे औषध त्यांच्या शरीरात साचत जाते. पोट फुगते, वांत्या होतात, अंग राखेच्या रंगाचे पडते आणि मूल दगावूही शकते. १९५९ साली ही गोष्ट उघडकीस आली.

जंतूंचा प्रतिकार

औषधाचा वापर वाढला तसे जंतूही त्याला दाद देईनासे झाले. १९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्या केरळात अशा विषमज्वराच्या साथी आल्या. आज विषमज्वरावर सामान्यतः दुसरी प्रतिजैविके प्रथम वापरतात. मेंदूच्या आवरणाचा दाह यांसारख्या प्रसंगी, इतर उपाय शक्य नसतील तेव्हा, क्लोरॅम्फेनिकॉल अद्यापि उपयोगी पडते.

घेणाऱ्याने काय करावे?

हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. पूर्वी रक्ताचा किंवा यकृताचा विकार झाला असल्यास, गर्भारपणात, अथवा अंगावर पाजणारे मूल असल्यास ते आधी सांगावे. अपस्मारावरील फेनिटॉइन किंवा रक्त न गोठण्यासाठी वॉरफॅरिन चालू असेल, तर तेही लपवू नये. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे त्यांचा परिणाम वाढतो. उपचार चालू असता डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावे. औषध आपल्या मनाने लांबवू नये, मध्येच सोडू नये, आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. डोळ्यांत घालावयाचे थेंबही डॉक्टरांना विचारूनच वापरावेत.

चेहरा फिकट पडणे, विलक्षण थकवा, घसा दुखून ताप येणे, हिरड्यांतून रक्त येणे किंवा मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठणे, यांपैकी काहीही दिसल्यास, मग औषध संपून दोन महिने का झाले असेनात, तत्काळ डॉक्टरांकडे जावे आणि आपण क्लोरॅम्फेनिकॉल घेतले होते, हे आठवणीने सांगावे. त्यासाठी जुनी चिठ्ठी जपून ठेवावी. निदानाच्या वेळी तो कागदच फार मोलाचा ठरतो.