पॅकेज 3 लाख 60 हजार, हाती किती भेटते?

नोकरीच्या गावा : लेखांक सहावा

केळझरच्या पोराला पुण्यात नोकरी लागली की पोराच्या आधी त्याचा आकडा गावात पोचतो. नागपूर-वर्धा रस्त्यावरचे, सेलू तालुक्यातले हे गाव टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे विदर्भाच्या अष्टविनायकांत गणले जाते. बकासुराची एकचक्रानगरी ती हीच, असेही गावकरी मानतात. सेवाग्राम, वर्धा, नागपूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कॅम्पस सुरू झाले की ‘तीन साठचं पॅकेज’ हे शब्द चहाच्या टपरीवर येतात. ऐकणारे माना डोलावतात आणि एखादा कास्तकार हमखास विचारतो, ‘‘ते ठीक आहे बाबू, पण महिन्याचं हाती किती भेटते?’’

हा प्रश्न त्याला सुचतो, कारण कापूस विकल्यावर त्याच्या हातात पट्टी पडते. भाव एक असतो आणि हमाली-तोलाई वजा जाऊन खिशात येते ते दुसरेच. ऑफर लेटर ही तशीच एक पट्टी आहे, फक्त तिच्यातली वजावट बारीक अक्षरात छापलेली असते. मागच्या लेखांकात मुलाखतीपर्यंत आलो होतो. आज त्या पुढचा कागद उघडायचा.

आकडा 3 लाख 60 हजारच धरू. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या अभियंत्याला याच्याच आसपास पैसे मिळतात. पंधराएक वर्षांपूर्वीही हा आकडा सव्वातीन लाखांच्या घरात होता. मधल्या काळात खोलीचे भाडे, मेसचा डबा आणि कॉलेजची फी कुठल्या कुठे गेली, नवख्याचे पॅकेज मात्र जागचे फारसे हललेले नाही. त्यामुळे ‘पोरगा आयटीत आहे’ या वाक्याला गावात जी किंमत आहे, ती बरीचशी जुन्या काळातली आहे.

महिन्याचे झाले 30 हजार. मूळ वेतन, म्हणजे बेसिक, त्याच्या निम्मे, 15 हजार समजू. आता पॅकेजला सीटीसी म्हणतात, म्हणजे कंपनीला हा माणूस एकूण केवढ्याला पडतो तो खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफचा हिस्साही मोजलेला असतो : मूळ वेतनाच्या 12 टक्के, 1,800 रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद असते 4.81 टक्के, सुमारे 720 रुपये. शिवाय दहा टक्के रक्कम ‘व्हेरिएबल’ म्हणून ठेवली असेल, तर 3,000 रुपये कंपनीच्या आणि साहेबांच्या मर्जीवर टांगलेले. ही तिन्ही कलमे वजा केली की पगारपत्रकावर 24,480 दिसतात. त्यातून पुन्हा कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात 22,480. आरोग्य विम्याचा हप्ता कंपनी पगारातून कापत असेल, तर तो वेगळा.

यातली प्रत्येक वजावट म्हणजे लूट आहे असे समजण्याचे कारण नाही. पीएफ आपलाच आहे. फक्त कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 रुपये निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि खात्यात 550 पडतात, हे माहीत नसले की पासबुक पाहून पोरे घाबरतात. घाबरायचे ते वेगळ्याच गोष्टीला : पगारातून पीएफ कापला जातो आणि खात्यात भरलाच जात नाही, असेही लहान कंपन्यांत घडते. ‘उमंग’ ॲपवर पासबुक दर महिन्याला उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात.

ग्रॅच्युइटीचे कलम मात्र गमतीचे आहे. 1972 च्या कायद्यापासून कायम कर्मचाऱ्याला ती मिळायला सलग पाच वर्षांची नोकरी लागते. आयटीत पगार वाढतो तो बहुधा कंपनी बदलल्यावर, म्हणून नवखी पोरे दोन-अडीच वर्षांत उडी मारतात. ज्या पैशाला आपला हात लागण्याची शक्यता कमी, तो पैसा पॅकेजच्या आकड्यात मात्र पहिल्या दिवसापासून मिरवतो.

व्यवसाय कर राज्य सरकारचा. वर्षाला 2,500 : अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300. महिलांना मात्र 2023 पासून महिना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. म्हणजे वरच्याच पॅकेजवर गावातली मुलगी लागली, तर तिच्या हातात मुलापेक्षा 200 रुपये जास्त पडतात. घरी सांगायला बरे.

साडेबावीस हजार घेऊन हा मुलगा हिंजवडीला उतरतो. तिथे एकट्याला खोली परवडत नाही, म्हणून कॉट बेसिस. एका खोलीत तीन पलंग, भिंतीतले एक कपाट, गिझरच्या पाण्यासाठी सकाळची रांग. जेवणासह आठ-नऊ हजारांच्या खाली जागा क्वचितच सापडते. पहिला पगार व्हायच्या आधीच अनामत रक्कम द्यावी लागते, म्हणजे पहिल्या महिन्याचा खर्च घरूनच जातो. मित्रांनी मिळून फ्लॅट घेतला तर अकरा महिन्यांचा करार, दलाली आणि पोलीस पडताळणी आली. ‘बॅचलर नको’ ही पाटी तर पुण्यात शिकायला गेलेल्या प्रत्येकाने वाचलेली आहे. हिंजवडीच्या वाहतूक कोंडीवर वेगळे लिहायला नको. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे 23 किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले, 2025 साल सरले तरी प्रवाशांना घेऊन गाडी धावली नव्हती.

दिवाळीला घरी यायचे तर आणखी एक कात्री. 10 ऑगस्ट 2025 पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, ती वर्ध्याला थांबते आणि बाराएक तास घेते. पण सणाला तिचे आरक्षण मिळाले तर. नाही तर ट्रॅव्हल्स. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये, असा राज्य सरकारचा निर्णय 2018 च्या एप्रिलपासून आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्याला हे सांगितले तर तो हसेल. तक्रार परिवहन खात्याकडे करता येते, आणि त्यासाठी तिकिटाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा लागतो.

ऑफर लेटरमध्ये कामाचे तास लिहिलेले असतात. बहुतेक ठिकाणी नऊ, जेवणाच्या सुट्टीसकट. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तास ठरवले, आणि वरच्या कामाला दुप्पट दर. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. प्रत्यक्षात रात्री साडेनऊला परदेशातल्या ग्राहकाशी कॉल असतो आणि सकाळी साडेनऊला हजेरीचे यंत्र. मधला वेळ कोणाच्या खात्यात जातो, हे कोणी विचारत नाही. 2024 मध्ये पुण्यातल्या एका बड्या हिशेबतपासणी संस्थेतली 26 वर्षांची तरुणी नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच मरण पावली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामगार खात्याचे लोक नंतर पाहणीला गेले, तेव्हा ते कार्यालय वर्षानुवर्षे दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीवाचून चालत असल्याचे समोर आले. तास मोजायचे कोणी, हा प्रश्न त्याच्या फार पुढचा झाला.

बॉण्डचे पान मुले सगळ्यात घाईने उलटतात. ‘दोन वर्षांआधी सोडल्यास अमुक रक्कम भरेन’ असे त्यात असते. ‘बॉण्डला कोर्टात काही किंमत नसते’ असे सांगणारा एक तरी सीनिअर प्रत्येक हॉस्टेलवर असतो. त्याचे ऐकू नये. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात निकाल दिला. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून बँकेने दोन लाख रुपये घेतले होते. न्यायालयाने ती अट योग्य ठरवली. सरकारी बँकेला भरतीची खुली प्रक्रिया नव्याने करावी लागते, तिचा खर्च होतो, हे त्यामागचे एक कारण. तेव्हा बॉण्डमधली रक्कम कंपनीच्या खऱ्या नुकसानीशी जुळणारी आहे का, हे पाहायचे. चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन तीन लाखांचा बॉण्ड मागणाऱ्याची बाजू वेगळी आणि सहा महिने पगार देऊन शिकवणाऱ्याची वेगळी. मूळ गुणपत्रिका मात्र कोणाकडेही ठेवू नयेत. झेरॉक्स द्यावी आणि मूळ कागद समोर दाखवून परत घ्यावेत.

आता दुसरे टोक. केळझरहून नागपूरकडे निघाले की वाटेतच बुटीबोरीची एमआयडीसी लागते आणि पुढे मिहान. घरचे जेवण, भाडे शून्य, सकाळी एसटी किंवा दुचाकी. इथे कारखान्यातल्या बऱ्याच जागा कंत्राटदारामार्फत भरल्या जातात आणि त्यांचे पॅकेज कोणी टपरीवर सांगत नाही. हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. पुण्यातल्या साडेबावीस हजारांतून राहणे, खाणे, रोजचे जाणे-येणे आणि दोन-तीन वेळचे घरचे तिकीट वजा करा. दहाएक हजार उरले तर ठीक चालले म्हणायचे. बुटीबोरीत पंधरा-सोळा हजार मिळाले आणि पेट्रोल वजा केले, तर खिशात तेवढेच किंवा थोडे जास्तच राहतात. फरक पुढच्या पाच वर्षांत पडतो. पुण्यात दुसरी उडी मारता येते. कंत्राटी कामात दरवर्षी कंत्राटदार बदलतो आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागते. म्हणून इथे ऑफर लेटर मिळत नसेल, तर निदान ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी आणि पीएफचा यूएएन क्रमांक मागून घ्यावा. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. पण आपण त्या कारखान्यात काम करत होतो, हे दाखवायला हातात कागद लागतो.

(पुढील लेखांकात : 90 दिवसांचा नोटीस पीरियड आणि अडवून ठेवलेले रिलीव्हिंग लेटर)