अ‍ॅनिमेशनमधले भय आणि मुलांचे वय

भयाद्भुत अ‍ॅनिमेशनपटात मूल बहुधा एकटे पडलेले असते. ओळखीच्या घराआड काहीतरी भयंकर दडलेले असते आणि त्यातून वाट काढण्याचे काम त्या मुलालाच करावे लागते. हेन्री सेलिक यांचा ‘कोरलाइन’ (२००९) हा या प्रकारातला ठळक नमुना. नील गेमन यांच्या २००२ मधील कादंबरिकेवर तो बेतलेला आहे. कोरलाइन या मुलीला घरातल्या एका छोट्या दारापलीकडे दुसरे घर सापडते. तिथली ‘दुसरी आई’ हवे ते रांधून घालते, लाड करते. पण तिच्या डोळ्यांच्या जागी बटणे असतात, आणि तिथे कायमचे राहायचे तर कोरलाइननेही डोळ्यांवर बटणे शिवून घ्यावीत अशी तिची अट असते. बाहुल्या किंचित किंचित हलवून, प्रत्येक हालचालीचे छायाचित्र घेऊन हा चित्रपट घडवला आहे. रक्तपात जवळजवळ नाही. तरीही मोठी माणसे दचकतात, कारण भीती इथे आईचे रूप घेऊन येते.

अशा चित्रपटाचा मुलांवर होणारा परिणाम वयागणिक बदलतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोअ‍ॅन कँटर यांनी या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले. साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचे मूल दिसण्याला घाबरते: विद्रूप चेहरा, अचानक बदलणारे रूप, मोठा आवाज. ‘हल्क’ मालिकेतला नायक संतापला की हिरवा राक्षस होतो आणि त्या रूपात लोकांना वाचवतो, पण लहानग्यांना नेमके ते रूपांतरच सर्वांत भीतिदायक वाटते. त्याचा हेतू चांगला आहे, हे त्या क्षणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्याहून मोठी मुले राक्षसाला फारशी भीत नाहीत. खरोखर घडू शकेल अशा गोष्टींनी ती अस्वस्थ होतात, जसे अपघात, अपहरण, आईवडिलांचा मृत्यू. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला ‘हे खरे नसते’ असे समजावून फारसा उपयोग होत नाही. त्याला जवळ घ्यावे लागते, दिवा लावावा लागतो. दहा वर्षांच्या मुलाशी मात्र बोलता येते.

वयाचा हा प्रश्न भारतात केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडे येतो. २०१६ मध्ये मंडळाने जॉन फॅवरो यांच्या ‘द जंगल बुक’ला ‘यूए’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन आवश्यक ठरवले. मोगलीची गोष्ट आणि तिला सावधगिरीचा शिक्का, यावर देशभर टीका झाली. तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचे म्हणणे असे होते की, त्रिमितीमुळे प्राणी प्रेक्षकांच्या अंगावर आल्यासारखे वाटतात. टीका रास्त असली तरी त्या म्हणण्यात तथ्य होते. पुस्तकातला शेरखान आणि अंधाऱ्या सभागृहात अंगावर झेपावणारा शेरखान चार वर्षांच्या मुलासाठी एक नसतात. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट केले, ही मोठी सुधारणा. मात्र ‘यूए’ चित्रपटाला मुलाला न्यायचे की नाही, हे अखेर पालकच ठरवतात. याउलट ब्रिटनमध्ये सशांच्या कळपाची रक्तरंजित कहाणी सांगणारा ‘वॉटरशिप डाउन’ (१९७८) सर्वांसाठी खुला ठरला होता. त्याचा दर्जा बदलून ‘पीजी’ व्हायला चार दशकांहून अधिक काळ गेला.

भीतीपासून मुलांना पूर्ण दूर ठेवावे, असा याचा अर्थ नाही. पालघर जिल्ह्यात महामार्गावरच्या चारोटीच्या आसपास, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत, मुले वाघदेवाच्या आणि भुताळीच्या गोष्टी ऐकत मोठी झाली आहेत. वाघ खातो, तरी तो देव आहे आणि वाघबारशीला त्याची पूजा करायची असते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. पूर्वेकडच्या जव्हार-मोखाड्यात बोहाड्याच्या, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाच्या, रात्री रावण, नरसिंह, महिषासुर यांचे मुखवटे वाद्यांच्या गजरात नाचतात. लहान मुले रडतात, आजीच्या लुगड्यात तोंड लपवतात आणि पुन्हा डोकावून बघतात. मुखवट्यामागचा माणूस गावातलाच असतो आणि सगळा गाव सोबत जागा असतो. अखेरीस देवी महिषासुराला मारते. भयाद्भुत कथेत मुलाला जे हवे असते ते सारे इथे आहे: सोबत, लपायला जागा आणि शेवट.

‘कोरलाइन’लाही शेवट आहे, मुलगी धीराने आणि युक्तीने जिंकते. अडचण येते ती मूल तिथवर न पोचल्यास. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी, गोधडीखाली एकट्याने पाहिलेल्या चित्रपटात बटणांचे डोळे लक्षात राहतात, सुटका राहत नाही. चारोटीकडच्या या महामार्गालगतच्या गावांतही आता पुष्कळ मुले चित्रपट पाहतात ते घरच्या फोनवरच. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटी मंचांना वयोगट दाखवणे आणि १३+ पासून पुढच्या चित्रपटांना पालकांसाठी कुलपाची सोय देणे बंधनकारक आहे. पण फोन घरातल्या सगळ्यांचा मिळून एक असेल, तर ते कुलूप सहसा लावलेले नसते. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घालायला पाच मिनिटे पुरतात. सात वर्षांखालच्या मुलाला ‘कोरलाइन’ दाखवण्याची घाई नसावी. त्यापुढच्या मुलासोबत मोठ्यांपैकी कोणीतरी तो दिवसाउजेडी, शेवटपर्यंत पाहावा आणि मुलाने थांबवायला सांगितल्यास लगेच थांबवावा.