वळणावर गाडी थरथरते? मोबाईल सांगेल बिघाड कुठे आहे

आपल्या फोनमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर नावाचा एक बारीक सेन्सर असतो. स्क्रीन आडवी-उभी होते, पावलं मोजली जातात, ती याच्यामुळेच. पण हाच सेन्सर जुन्या पिकअप गाडीतला बिघाड शोधायलाही मदत करतो. कसं, ते पाहूया.

आमच्या पिपरी मेघेत, वर्ध्याला लागूनच, घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली एखादी पिकअप आहेच. कापूस, तूर, भाजीपाला, लग्नाचा मंडप, सगळं तिच्यावरच. माझ्या मोठ्या बाबांची गाडी चौदा वर्षांची. सरळ रस्त्यावर ठीक, पण उजवीकडे वळली की थरथरायची. "मिस्त्री म्हणते का शाफ्ट बदलावा लागन," मोठे बाबा म्हणाले. शाफ्टचा खर्च मोठा, आणि बिघाड दुसरीकडेच असला तर पैसे गेले आणि धोका तसाच. भरलेल्या गाडीचं चाक वळणावर दगा दिलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

मूळ कल्पना

गाडीत फिरणारी प्रत्येक वस्तू आपापल्या गतीने फिरते. थरथर सेकंदाला किती वेळा होते ते कळलं, की ती कोणत्या वस्तूशी जुळते ते बघायचं. सेकंदाला एकदा म्हणजे १ हर्ट्झ.

टायरच्या बाजूला आकार लिहिलेला असतो. आमच्याकडे २१५/७५ आर १५. यावरून चाकाचा घेर साधारण २.२ मीटर येतो. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर. ५.५६ भागिले २.२, म्हणजे चाक सेकंदाला अडीच फेऱ्या मारतं. आता हिशोब असा:

- चाक, टायर, हब: २.५ हर्ट्झ
- प्रोपेलर शाफ्ट: मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ४ धरलं तर १० हर्ट्झ
- शाफ्टचा क्रॉस जॉइंट: एका फेरीत दोन झटके, म्हणून २० हर्ट्झ
- चार सिलिंडरचं इंजिन: एका फेरीत दोन स्फोट, म्हणून १८०० आरपीएमला ६० हर्ट्झ

गुणोत्तर गाडीगाडीत वेगळं असतं. आपल्या गाडीचं मॅन्युअलमधून घ्या.

मोजायचं कसं

जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं 'फायफॉक्स' हे अ‍ॅप फुकट आहे. त्यात 'अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम' निवडा. फोन ड्रायव्हरच्या सीटजवळ फ्लोअरवर दुहेरी टेपने घट्ट चिकटवा. खिशात किंवा हातात धरलात तर तुमच्या अंगाची हालचालच मोजली जाईल. वेगासाठी दुसऱ्या फोनचं जीपीएस वापरा, कारण जुन्या गाडीच्या मीटरवर भरवसा नको.

गाडी रिकामी असू द्या. निदान ६० मीटर रुंद मोकळं, सपाट मैदान शोधा. रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग नको. साधारण २५ मीटर त्रिज्येचा गोल धरून ताशी २० ने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरा. चालवणारा एक, फोन बघणारा दुसरा. मग हेच ताशी २५ ने करा. आलेखातला उंच सुळका २.५ वरून ३.१ च्या आसपास सरकला, तर थरथर चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूची आहे. वेग बदलूनही सुळका जागेवरच राहिला, तर ती पाट्यांवर गाडीची होणारी उसळी किंवा मैदानातले खड्डे असू शकतात. आणि गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावरही थरथरली, तर इंजिन किंवा त्याचे माउंटिंग रबर बघा.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपने खास परवानगी घेतली नसेल तर सेन्सर सेकंदाला जास्तीत जास्त २०० वेळा वाचता येतो. त्याच्या निम्मं, म्हणजे १०० हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं. बेअरिंगची बारीक घूं-घूं त्याच्या वर जाऊ शकते. तिथे कान आणि मायक्रोफोन कामाला लावा.

वळण काय सांगतं

गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जातं, आणि डावीकडे वळते तेव्हा उजव्या. म्हणून एकाच बाजूच्या वळणावर थरथर असेल तर संशय बहुधा उलट बाजूच्या चाकावर. सरळ रस्त्यावरही तितकीच असेल तर टायर किंवा बॅलन्सिंग. दोन्ही वळणांवर झटके आणि सरळ रस्त्यावर शांत असेल, तर डिफरन्शिअलही तपासायला हवं, कारण त्याच्या आतले छोटे गिअर मुख्यतः वळणावरच एकमेकांवर फिरतात.

आमच्या आलेखात उजव्या गोलात २.५ ला ठळक सुळका, डाव्यात जेमतेम. १० आणि २० वर काहीच नाही. म्हणजे शाफ्टवर संशय घ्यायचं कारण उरलं नाही.

हाताने खात्री

आलेख फक्त दिशा दाखवतो, निकाल हातानेच लागतो. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचं चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करायचं नाही. मग चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन. ३ आणि ९ ला धरून खेळ असेल तर टाय रॉड एंड बघा. चाकाचे नट आणि मागच्या पाट्यांचे यू-बोल्टही त्याच वेळी तपासून घ्या.

डावं पुढचं चाक १२-६ ला हलत होतं, ब्रेक दाबला की थांबत होतं. मिस्त्रीने हब उघडला, तर ग्रीस करपलेलं आणि बेअरिंगच्या रेसला खड्डे पडलेले. बेअरिंग बदललं, नवं ग्रीस भरलं आणि काम झालं. शाफ्ट आहे तोच आहे. मिस्त्रींनी आलेख नीट पाहिला आणि अ‍ॅपचं नाव स्वतःच्या फोनमध्ये टाकून घेतलं.

मोजमाप झालं की फोन काढून ठेवा. दणदणीत इंजिनाच्या मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. आणि चाकाला हाताने खेळ लागत असेल तर "उद्या बघू" म्हणून माल भरू नका. गाडी तिथेच उभी करा, मिस्त्रीला बोलवा.