गाडीच्या पोटातला नागमोडी पट्टा

मुलांनो, हिवाळ्यात सकाळी शेजारची गाडी सुरू होताना 'चींऽऽऽ' असा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. दोन-चार मिनिटांत तो आपोआप थांबतो. "थंडीनं कुरकुरते गाडी," असं म्हणून मोठी माणसंही सोडून देतात. पण थंडी हे निमित्त असतं, बरं का! तो आवाज एका काळ्या रबरी पट्ट्याचा असतो. पट्टा चाकावरून घसरतो आहे, हेच तो ओरडून सांगत असतो.

मोठ्या माणसाला सोबत घेऊन, इंजिन बंद असताना, गाडीचं बॉनेट उघडून बघा. इंजिनाच्या एका अंगाला चार-पाच चाकं दिसतील. यांना पुली म्हणतात. या सगळ्यांवरून एकच लांब पट्टा वर जातो, खाली येतो, एकीला वळसा घालतो, दुसरीच्या पाठीवरून निघतो. अगदी नागमोडी! म्हणूनच त्याचं इंग्रजी नाव 'सर्पंटाइन बेल्ट', म्हणजे सापासारखा पट्टा. आपल्याकडचे मिस्त्री मात्र त्याला सरळ 'फॅन बेल्ट' म्हणतात. पूर्वी पंखाही त्यावरच फिरायचा, ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

इंजिनाचा मुख्य दांडा फिरला की त्याच्या टोकाची पुली फिरते, आणि तिच्यामुळे पट्टा. पट्टा मग डायनमो फिरवतो (खरं नाव अल्टरनेटर) आणि बॅटरी भरते. एसीचा कॉम्प्रेसर त्यावरच चालतो. पुष्कळ गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप आणि स्टिअरिंग हलकं करणारा पंपही त्यावरच. सगळ्याच गाड्यांत सगळं नसतं. नव्या गाड्यांचं स्टिअरिंग बहुधा विजेवर चालतं.

ही युक्ती काही नवी नाही. आपल्या वऱ्हाडात कापसाचे जिनिंग कारखाने निघाले तेव्हा एकच वाफेचं इंजिन असायचं. ते एक लांब दांडा फिरवायचं आणि त्या दांड्यावरून एकेका यंत्राकडे चामड्याचे सपाट पट्टे जायचे. गावच्या पिठाच्या गिरणीतही असा पट्टा कुणी कुणी पाहिला असेल. सपाट पट्टा घसरायचा फार. पुढे रबराचा, पाचरीसारख्या कापाचा पट्टा आला. तो पुलीच्या खाचेत रुतून बसतो. १९१७ साली अमेरिकेत जॉन गेट्स यांनी तो काढला. पण एका पट्ट्यावर फार कामं झेपत नसत, म्हणून गाडीत दोन-तीन पट्टे लागायचे. त्यानंतर अंगावर लांबच्या लांब बारीक धारा असलेला रुंद पट्टा निघाला आणि १९७९ च्या फोर्ड मस्टँग गाडीत एकाच पट्ट्यावर सगळं काम भागू लागलं.

आता थोडं गणित. इंजिनाची पुली १५ सेंटिमीटर व्यासाची आणि डायनमोची ५ सेंटिमीटरची असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्यात डायनमोचे किती फेरे? तीन! म्हणजे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत नुसतं उभं असलं, तरी डायनमो २,४०० फेरे घेतो.

पट्टा तुटला तर काय होतं, हे माझ्या थोरल्या भावाला विचारा. मालेगावहून अकोल्याला तो प्रवासी घेऊन जातो. त्यात दवाखान्यात निघालेलं कुणी ना कुणी असतंच. मध्ये पातूरचा घाट लागतो. घाटात पट्टा तुटला तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो, वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. पंप थांबला की इंजिन तापत जातं, काटा लालीकडे सरकतो. तशीच गाडी रेटली तर इंजिन कामातून जातं. आणि आत पेशंट! म्हणून दादा दर दिवाळीला पट्टा तपासतो. या वेळी पट्ट्याच्या धारा झिजलेल्या निघाल्या. नवा पट्टा आणून त्यानं अंगणातच बदलला. मी आणि आठवीतली भाची मदतीला.

"आत्या, आधी चित्र काढू दे," भाची म्हणाली आणि पट्टा कुठून कसा जातो ते तिनं वहीत काढलं. काही गाड्यांत बॉनेटखाली हे चित्र चिकटवलेलं असतं. नसलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दादानं किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, बॅटरीची ऋण तार सोडवली. मग पाना लावून ताणचाक सरकवलं. हे चाक स्प्रिंगच्या जोरानं पट्टा ताणून धरतं. पट्टा सैल पडताच वरच्या पुलीवरून काढला आणि ताणचाक हळूहळू मागे आणलं. एकदम सोडलं तर बोटं चेमटतात.

"बाबा, हे चाक खरखरतं," भाची म्हणाली. पट्टा निघाला की प्रत्येक पुली हातानं फिरवून बघतात. खरखर म्हणजे आतलं बेअरिंग गेलेलं. ते चाकही बदलावं लागलं. नुसता पट्टा बदलला असता, तर नवाही लवकरच गेला असता.

पट्ट्यावर '६ पीके १७५०' असं काहीतरी छापलेलं असतं. ६ धारा, 'पीके' हा धारांचा प्रकार आणि लांबी १,७५० मिलिमीटर. जुन्याशी हे जुळवूनच नवा घ्यायचा. बसवताना धारा खाचांत आणि गुळगुळीत पाठ गुळगुळीत चाकावर. पट्टा पाठीनं ज्या चाकाला फिरवतो, ते उलट दिशेनं फिरतं! प्रत्येक पुलीवर धार एका खाचेनं जरी सरकली, तरी पट्टा चिरतो. म्हणून दादानं बॅटरी घेऊन दोनदा पाहिलं. मग आम्हांला लांब उभं करून गाडी सुरू केली.

पालकांनो, इथं दोन गोष्टी. जुन्या पट्ट्यांना भेगा पडायच्या. अलीकडचं रबर भेगा न पडताच झिजतं, तेव्हा धारांची खोली बघा. आणि टायमिंग बेल्ट हा निराळा, झाकणाआडचा, दातेरी. तो अंगणात करायचं काम नाही. एक दात चुकला तरी इंजिनाचं नुकसान होऊ शकतं. तो मिस्त्रीकडेच.

फिरत्या पट्ट्याजवळ मात्र जायचं नाही, मुलांनो! सोयाबीनच्या हंगामात आपल्याकडे शेतोशेती थ्रेशर चालतात. त्याचे पट्टे कधी उघडेच असतात. ओढणी, उपरणं, सैल बाही, मोकळी वेणी पट्ट्यात सापडली की ओढून घ्यायला क्षणही लागत नाही. थ्रेशरवर इतके हात गेले की १९८३ साली त्यासाठी खास केंद्रीय कायदा करावा लागला. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली दिसली, तर लहान आहोत म्हणून गप्प बसू नका. काकांना सांगा, आधी जाळी लावा.

फेऱ्यांचं गणित करून बघायचं असेल तर पायानं चालणारं शिलाई मशीन घ्या. सुईतला दोरा काढा, आईला विचारा आणि खालचं मोठं चाक हातानं सावकाश एकदाच फिरवा. वरचं छोटं चाक किती वेळा फिरलं ते मैत्रिणीला मोजायला सांगा. मग दोन्ही चाकांवर पट्टा बसतो त्या खाचेचा घेर दोऱ्यानं मोजा आणि भागाकार करा.