जिल्ह्याचं नाव बदललं, कोडमधलं कसं बदलायचं? रीनेम सिम्बॉल समजून घ्या

२०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं. गाड्यांच्या नंबर प्लेटवरचा एमएच २५ मात्र तोच राहिला. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याचं नाव जागोजागी लिहिलेलं असेल तर?

समजा, लोहाऱ्यातल्या एका खत-बियाण्यांच्या दुकानाचं पायथनमधलं बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्याकडे आलंय. त्यात 'उस्मानाबाद_उधारी' नावाचं फंक्शन आहे आणि ग्राहकांच्या नोंदीत जिल्हा म्हणून 'उस्मानाबाद' साठवलंय. पहिला मोह होतो फाइंड अँड रिप्लेसचा. एक क्लिक, काम फत्ते! पण आता कोड डेटाबेसमध्ये 'धाराशिव' शोधतो आणि जुन्या नोंदी तर 'उस्मानाबाद' म्हणूनच पडल्यात. एररही येत नाही. उधारीची यादी फक्त छोटी दिसते आणि दुकानदाराला वाटतं, लोकांनी पैसे फेडले.

प्रोग्रामचं काम तेच ठेवून आतली मांडणी सुधारणं म्हणजे रिफॅक्टरिंग. व्हीएस कोडमध्ये पायथन एक्स्टेन्शन टाका (पायलान्स सोबत येतं), फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवा आणि एफ२ दाबा. नवीन नाव 'धाराशिव_उधारी' देण्यापेक्षा सरळ 'जिल्हा_उधारी' द्या, म्हणजे पुन्हा ही वेळ नको. प्लगइन नुसती अक्षरं जुळवत नाही. हे फंक्शन कुठून कुठून बोलावलंय ते कोड वाचून शोधतं आणि तेवढंच बदलतं. दुसऱ्या फाइलमध्ये त्याच नावाचं वेगळं व्हेरिएबल असेल तर त्याला हात लावत नाही.

अवतरण चिन्हांतला 'उस्मानाबाद' मात्र तसाच राहतो. अनेकांना ही उणीव वाटते, मला तर हाच मोठा फायदा वाटतो. तो डेटा आहे, त्याचं काय करायचं हे प्लगइननं ठरवूच नये. इथे हातानं काम करा: जुनं-नवं अशी दोन्ही नावं एका यादीत ठेवा आणि तपासणी त्या यादीवरून करा. डेटाबेसच बदलायचा असेल तर ते काम बॅकअप घेऊन, वेगळं करा.

पायथनमध्ये अजून एक अडचण आहे. प्रोग्राम चालताना जोडून तयार होणारी नावं आणि एचटीएमएल टेम्प्लेटमधली नावं एफ२ ला दिसत नाहीत. म्हणून आधी गिटमध्ये कमिट करा, बदलांचा प्रिव्ह्यू बघा, आणि नंतर जुनं नाव एकदा सर्च करून काय उरलंय ते तपासा. उधारीची एकूण रक्कम बदलाआधी कागदावर लिहून ठेवा. नंतर त्याच नोंदींवर एका रुपयाचाही फरक आला तर बदल मागे घ्या.